हाळीला ओ

सुगत पहिल्यांदा आमच्या देवगाव फाट्यावर उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यावर शिडी होती, गळ्यात वायरचं भेंडोळं होतं आणि तोंडात माझ्या हॉटेलातलं मिरचीचं भजं. मिरची निघाली जहाल. डोळ्याला पाणी, नाकाला पाणी... आणि तसाच तो रस्ता ओलांडून माझ्या नातीच्या ऑफिसात शिरला. तो कसला, शिडीच आधी शिरली. दाराशी पाण्याचा माठ होता, त्याला शिडीचं टोक लागलं आणि माठ फटकन् फुटला!

धम्मशीला टेबलामागून उठली. तिच्या चपलांखालून पाण्याचा ओहोळ चाललेला. तिनं पाण्याकडं बघितलं, शिडीकडं बघितलं, मग त्या रडवेल्या तोंडाकडं बघितलं.

"माठाचं एवढं मनावर घेतलं?" ती म्हणाली. "रडू नका हो. दुसरा आणू."

"न्हाई... मिरची..."

"मिरची? ती कोण? सोडून गेली का काय तुमाला?"

पोरगं आणखीच लाल झालं. मी चहाचा ग्लास घेऊन दारातच उभी होते. चहा कोणी मागितला नव्हता, पण आपली नात दिवसभर एकटी बसते, तिथं शिडी घेऊन कोणी बाप्या शिरला तर मी काय भजी तळत बसू?

धम्मशीला माझ्या नागनाथची थोरली. बी.कॉम. झालेली, सरळ नाकाची, आणि जीभ माझी घेतलेली. फाट्यावर बियाण्याच्या एका कंपनीचं गोडाऊन हाय; पुढं एका खोलीचं ऑफिस, मागं पत्र्याचं गोडाऊन. ट्रक आला तर हमाल येतात, न्हाईतर सबंध दिवस ही एकटी. नागनाथ आधी नोकरीला नकोच म्हणत होता. मग त्यानं बघितलं, ऑफिसच्या समोर, रस्त्याच्या ह्या बाजूला आईचं हॉटेल. तेव्हा कुठं त्यानं मान हलवली. मी लगेच माझी बाज लिंबाच्या सावलीतून उचलून उन्हात आणून ठेवली, कारण तिथून ऑफिसचं दार नीट दिसतं. कढईत भजी सोडली की मान वर करायची आणि हाळी द्यायची — "धम्मेऽऽ! हाईस का गंऽऽ?"

तिकडून आवाज यायचा, "हाय आजीऽऽ!" आवाजात वैताग असायचा, पण यायचा.

तर झालं असं की, मागं एकदा एक पिऊन तर्र झालेला माणूस ऑफिसात घुसला आणि खुर्ची ओढून बसला, उठेचना. मी कढईतला झारा तसाच गरम घेऊन गेले. तो उठला. नुसता उठला न्हाई, जिंतूरच्या दिशेनं पळाला. पण ही बातमी परभणीला दत्तरावांच्या कानावर गेली. दत्तराव कंपनीचे सायब. त्यांनी हुकूम सोडला — मुलगी एकटी असते, ऑफिसात कॅमेरा बसवा. खुर्चीच्या बरोब्बर समोर. आवाज ऐकू येणारा. तिकडं परभणीत सायबांच्या मोबाइलवर सगळं दिसलं पाहिजे.

आणि तो कॅमेरा बसवायला सेलूहून आला होता हा सुगत.

त्यानं डोळे पुसले, शिडी लावली, वर चढला. धम्मशीला खाली हाताची घडी घालून उभी.

"हा कुठं बघणार?"

"तुमच्याकडं," तो म्हणाला. आणि जीभ चावली. "म्हणजे... खुर्चीकडं, मॅडम."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मी पाणी पिले तर?"

"दिसणार."

"डबा खाल्ला तर?"

"भाजी कोणती ते बी दिसणार! लय भारी कॅमेरा हाय." पोरगं आपल्या मालाच्या कौतुकात होतं.

"केस सोडून परत बांधले तर?"

आता ड्रिलचा आवाज थोडा हळू झाला.

"ओढणी सारखी केली तर? आईशी फोनवर भांडले तर? डोकं दुखलं म्हणून जरा टेबलावर टेकलं तर?"

"दिसणार..." तो शिडीवरून खाली बघत म्हणाला. "ऐकू बी जाणार."

"आणि तो दारुडा परत आला तर?"

"तो बी दिसणार की."

"मग तुमचा कॅमेरा खाली उतरून त्याला धरणार?"

ड्रिल बंद. बाहेर एक ट्रक गेला, त्याचा धुरळा आत आला आणि उन्हाच्या तिरिपीत नाचायला लागला. सुगत त्या धुरळ्यातून तिच्याकडं बघत राहिला... आणि खरं सांगते, तसं कोणी बघितलं असतं तर मी झारा आणला असता. पण ह्या बघण्यात पोरगं स्वतःच वरमलेलं होतं.

तो खाली उतरला. मोबाइल काढला आणि परभणीला फोन लावला.

"सायब, नमस्कार. भिंत भुसभुशीत हाय. ड्रिल लावली की पोपडे यायलेत. इथं कॅमेरा टिकायचा न्हाई."

ती भिंत! एकदा ट्रक मागं घेताना तिच्यावर आदळला, तर ट्रकचा दिवा गेला पण भिंतीचा टवका उडाला न्हाई. खोटं बोलताना सुगतचे दोन्ही कान तांबडेलाल झाले होते. मला तेव्हाच वाटलं, हे पोरगं कामाचं हाय. खोटं बोलता येत न्हाई त्याला.

"तुमचा धंदा बुडंल की," धम्मशीला हळूच म्हणाली.

"माठ बी फोडलाय," तो म्हणाला. "एकदमच हिशोब करू."

जाताना त्यानं मला "जय भीम, आजी" केलं. मी म्हटलं, "जय भीम. भज्याचे पैसे?" तर परत शिडीसकट वळला. ह्या वेळी मी शिडी धरली.

*

दुसऱ्या खेपेला तो एसटीतून उतरला तो मांडीवर, पोटाशी धरून आणलेला नवाकोरा माठ घेऊन. सेलूपासून खड्ड्याखड्ड्यात त्यानं तो लेकरासारखा सांभाळला होता. धम्मशीलानं बोटाच्या पेरानं वाजवून बघितला.

"पक्का दिसतोय. तुमच्या भिंतीसारखा न्हाई."

"भिंत बी पक्की हाय," तो म्हणाला. "तुमाला माहीत हाय."

"मला माहीत हाय. पण दत्तराव सायबांना कळलं तर?"

"कळायच्या आत काहीतरी शोधायला पाहिजे," आणि तो हॉटेलात येऊन माझ्या बाकड्यावर बसला. डोक्याला हात लावून. एवढ्यात माझी वेळ झाली. मी कढईवरून मान वर केली आणि दिली हाळी. तिकडून "हाय आजीऽऽ" आलं.

सुगत दचकला. "हे काय, आजी?"

"हाळी. तुमच्या पिढीला काय ठावं! आमच्या वेळेला जवारी हुरड्याला आली की पाखरं राखायला मचाणावर बसायचो. एका वावरात एक, दुसऱ्या वावरात एक. मधी माणसाएवढी जवारी, कोणी कोणाला दिसायचं न्हाई. मग अधूनमधून हाळी द्यायची. तिकडून ओ आली की समजायचं, बरं हाय."

"आणि तिकडचा माणूस काय करायलाय ते?"

"ते कामून बघायचं? गाणं म्हणंल न्हाईतर हुरडा खाईल, आपल्याला काय करायचंय? ओ आली, बस."

"आणि ओ न्हाई आली तर?"

"तर गोफण टाकायची आणि पळत सुटायचं."

धम्मशीला पैसे मोडून घ्यायला रस्ता ओलांडून आली होती. ती खांबाला टेकून उभी राहिली. "आजी, तुझ्या हाळीला शेजारच्या वावरातून ओ कोण द्यायचं, सांग की."

"तुझा आजा. दुसरं कोण देणार?"

"मग पुढं?"

"पुढं काय, लगीन."

ती हसली. सुगत हसला न्हाई. त्याच्या डोळ्यात असं काही पेटलं होतं की मला वाटलं आता उठून नाचतो का काय! "आजी," तो म्हणाला, "सापडलं!"

आणि पुढच्या खेपेला तो बेल घेऊन आला. बिनवायरची, सेलवर चालणारी. बटण धम्मशीलाच्या टेबलावर आणि बेल माझ्या हॉटेलात, चहाच्या डब्याच्या वर. बटण दाबलं की चिमणीसारखी चिवचिवायची. घड्याळ बघत कोण बसतंय? म्हणून ठरलं की फाट्यावर एसटी येऊन थांबली की धम्मशीलानं एकदा बटण दाबायचं. फाट्यावर एसट्या काही कमी न्हाईत — सेलूची, जिंतूरची, परभणीची. एसटी आली, चिव झालं, सगळं ठीक. एसटी गेली तरी चिव न्हाई झालं तर आपण उठायचं. आणि दोनदा चिव झालं म्हणजे पळत यायचं.

"माझी एक अट," धम्मशीला म्हणाली. "बेल वाजली की आजीनं हाळी द्यायची न्हाई. आणि बाजेवर बसून दाराकडं बघायचं बी न्हाई."

"बरं," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं. बाज तिथंच ठेवली.

दत्तरावांना तिनं फोनवर बेलचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, महिनाभर करून बघा. पण एक सांगतो, काही कमीजास्त झालं तर भिंत नवी बांधून कॅमेरा लावणार. तो नको असेल तर त्या जागी मी पुरुष माणूस ठेवीन." आणि नागनाथकडं हिंगोलीचं एक स्थळ तयारच होतं; नोकरी सुटली की पोरीला उजवायची, असा त्याचा मनातला बेत. त्या दिवशी धम्मशीलानं डबा तसाच परत नेला.

*

आता मला एक सांगा. सेल वर्षभर टिकतो, असं सुगतनंच सांगितलं होतं. मग तो तपासायला हे पोरगं दर दोन-चार दिवसांनी कामून यायला लागलं?

हॉटेलात बसायचं. चहा मागवायचा. सेलूची एसटी यायची, माझ्या डब्यावर चिवचिव व्हायचं, आणि ह्याच्या तोंडावर असं चांदणं पडायचं... एसटी निघून जायची. हा बसलेला.

"अरे, तुझी एसटी गेली की."

"पुढच्यानं जातो, आजी."

पुढची यायची. चिवचिव. चांदणं. ती बी जायची.

एकदा धम्मशीला चहाला आली आणि त्याच्या समोरच्या बाकड्यावर बसली. उन्हानं तिचं तोंड लाल झालेलं, कपाळावर केसांची एक बट चिकटलेली. सुगत त्या बटेकडं बघत होता आणि चहात बिस्किट बुडवून विसरला होता. बिस्किट गळून ग्लासात गेलं.

"सेल तपासला का?" तिनं विचारलं.

"तपासला."

"कसा हाय?"

"चांगला हाय. पण... भरवसा न्हाई."

"कोणाचा? सेलचा?"

"माझा," तो म्हणाला. आणि चमच्यानं बिस्किट काढत बसला.

ती उठली, ओढणी झटकली आणि निघून गेली. पण रस्ता ओलांडताना गालातल्या गालात हसत होती. मी बघितलं. न बघायची अट होती, तरी बघितलं.

मग त्याच आठवड्यात एकदा चिवचिव झालं... आणि परत चिवचिव झालं. दोनदा! माझ्या हातून झारा पडायच्या आत सुगत रस्त्याच्या पलीकडं होता. एका मोटारसायकलवाल्यानं त्याला शिवी घातली, ती बी त्याला ऐकू गेली न्हाई. मी मागून धापा टाकत पोचले तर धम्मशीला माठाजवळ उभी, हातात रिकामी कळशी.

"माठात पाणी ओतून देता का?" ती म्हणाली. "जड हाय."

सुगत तिच्याकडं बघतच राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"चुकून दाबलं गेलं," ती म्हणाली. पण आवाज आता बारीक झाला होता.

"अशी चेष्टा परत करू नका," तो म्हणाला. चिडून न्हाई, अगदी हळू. "माझे पाय बघा... अजून थरथरायलेत."

तिनं बघितलं. खरंच थरथरत होते. मग त्यानं गुमान कळशी घेतली, हापशावरून पाणी आणलं, माठ भरला आणि निघाला. ती दाराला धरून उभी राहिली. त्या दिवशी तिनं पुढच्या प्रत्येक एसटीला बटण दाबलं ते असं जपून, एकदाच, की चिमणी बी जरा दमानं चिवचिवली.

*

चैत्र संपता संपता एका दुपारी आभाळ असं काळंनिळं झालं, की माझ्या चुलीतला जाळ दुपारीच पिवळा दिसायला लागला. वावटळ उठली. समोरच्या पंक्चरवाल्या परमेश्वरच्या दुकानाची ताडपत्री उडाली आणि लिंबाला जाऊन अडकली. लाइट गेली. मोबाइलची रेंज गेली. आणि मग गारा! बोराएवढ्या, पत्र्यावर तडातडा... शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येईना.

फाट्यावरचे सगळे माझ्या हॉटेलात घुसले. सुगत बी होता. आदल्या एसटीनं आला होता आणि अर्थातच पुढच्या एसटीनं जाणार होता. मी चुलीवर ताडपत्री धरून उभी. कोणाला कशाचं भान न्हाई.

एकट्या सुगतचं लक्ष त्या बेलकडं.

"आजी!" तो माझ्या कानाशी ओरडला. "एसटी आली न्हाई!"

"ह्या वाऱ्यात कशी येईल? कुठंतरी झाड पडलं असंल! बस गुमान!"

"तसं न्हाई! एसटी आली न्हाई... म्हणजे बेल वाजायचीच न्हाई! किती वेळ झाला, ओ आलीच न्हाई आजी!"

आमी हाळी बांधली होती एसटीला. आणि एसटीच बंद! मी आपली निवांत होते, बेल वाजली न्हाई ह्याची मला आठवणसुद्धा झाली न्हाई.

सुगत रस्त्याच्या कडेला गेला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला — "धम्मशीलाऽऽ!" तोवर कधी मॅडमशिवाय हाक मारली नव्हती त्यानं. गारांच्या आवाजात ती हाक विरघळली. तिकडून काही न्हाई. मग तो पळाला. डोक्यावर गारा झेलत पळाला. मी पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि त्याच्या मागं.

ऑफिसात खुर्ची रिकामी. मोबाइल टेबलावर. बटण टेबलावर. चपला दाराशी. आणि मागं गोडाऊनचं लोखंडी शटर... खाली.

पत्रा गळतो का, बियाण्याच्या पोत्यांवर पाणी पडतं का, ते बघायला पोरगी आत गेली होती. मागून वावटळीनं शटर धाडकन् आपटलं आणि एका बाजूनं वाकडं होऊन अडकलं. आत अंधार, दिवसभर तापलेल्या पत्र्याची कोंडलेली धग, आणि बियाण्याला चोळलेल्या औषधाचा तो उग्र वास, जो उघड्या गोडाऊनमधीसुद्धा डोळ्याला झोंबतो. ती किती वेळ हाका मारत होती कोण जाणे. वर गारा वाजत असताना कोणाला ऐकू जाणार?

सुगतनं शटरला कान लावला. मुठीनं एकदा ठोकलं.

काही न्हाई.

परत ठोकलं. "धम्मशीला... ओ दे गं. नुसती ओ दे!"

आणि आतून — टक्. एकदाच. बारीक.

"हाय!" तो असा ओरडला, असा ओरडला, की पलीकडून परमेश्वर पंक्चरवाला आणि हॉटेलातले आणखी दोघं पळत आले. शटर चौघांनी ओढलं तरी हलेना. मग परमेश्वरनं ट्रक उचलायचा जॅक आणला. फटीत घातला आणि सुगत दांडा फिरवायला लागला. शटर करकरलं. इतकंसं वर आलं. खाली वीट सारली. आणखी इतकंसं. पहिल्यांदा बाहेर आली तिची बोटं. सुगतनं दांडा सोडून ती धरली.

"आधी फिरव रे मुडद्या!" मी ओरडले. "बोटं मग धर!"

शेवटी ती सरपटत बाहेर आली. केसात बियाणं, डोळे सुजलेले, खोकला थांबेना. सुगतनं तिला दोन्ही हातांनी धरून वाऱ्याला आणली, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून खोकत राहिली. माझ्या समोर. परमेश्वरसमोर. मी काय केलं? डोक्यावरचं पातेलं डोळ्यावर ओढून घेतलं.

पातेल्याखालून ऐकलं ते सांगते.

"एसटी... कामून आली न्हाई?" तिनं विचारलं.

"झाड पडलंय वाटतं."

"मग तुमाला कसं कळलं?"

गारा आता थांबल्या होत्या, पन्हाळीतून पाणी तेवढं टपकत होतं.

"मी एसटीची वाट कधी बघतच नव्हतो," तो म्हणाला.

*

लगेच दुसऱ्या दिवशी दत्तराव जीप घेऊन हजर. शटर बघितलं, जॅक बघितला आणि म्हणाले, "बघा, झालं की नाही? उद्यापासून कॅमेरा."

धम्मशीलाचा आवाज अजून बसलेलाच होता, पण पाठीचा कणा ताठ. "सायब, काल लाइट गेली होती. कॅमेरा आंधळा झाला असता. आणि लाइट असती तरी त्याला काय दिसलं असतं? रिकामी खुर्ची. तुमी म्हणला असता, पोरगी काम सोडून गेली."

दत्तरावांनी परत शटरकडं बघितलं.

"एकदा आत उभे राहा," ती म्हणाली. "शटर खाली घेते. फार न्हाई, जरा वेळ."

आणि सायब खरंच उभे राहिले हो! परमेश्वरनं सकाळीच ठोकून सरळ केलेलं शटर खाली गेलं. थोड्या वेळानं आतून ठोकायला लागले. बाहेर आले ते रुमालानं डोळे टिपत.

"चूक माझी हाय," सुगत मधी म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "बेल एसटीला बांधली, ही चूक. बटण टेबलावर ठेवलं, ही बी चूक. आता बटण त्यांच्या गळ्यात राहील, दोरीत. त्या मनाला येईल तेव्हा दाबतील. आणि इकडून हाळी द्यायला आजीकडं एक बटण, तिकडं एक बेल. हाळी गेली आणि ओ न्हाई आली, की आमी पळणार. शटरला आतून खुंटी बसवू, म्हणजे आपोआप पडणार न्हाई. आणि कॅमेरा लावायचाच असंल तर बाहेर लावा, गोडाऊनच्या फाटकावर. कोण यायलंय ते बघू दे. आत कोण काय करायलंय ते न्हाई."

"तू कॅमेरे विकतोस का बेल?" दत्तराव म्हणाले.

"एक कॅमेरा विकतोच की, सायब. फाटकावरचा."

दत्तराव हसले. मी त्यांच्या पुढं गरम भज्यांचं ताट ठेवलं. मिरच्या निवडून घातल्या होत्या. पहिलाच घास घेतला आणि सायबांच्या डोळ्याला पाणी, नाकाला पाणी... बोलता येईना, नुसती मान हलवायले. वरखाली.

"हो म्हणाले," मी धम्मशीलाला सांगितलं. "तू कामाला लाग."

*

सुगतनं खुंटी बसवली, फाटकावर रस्त्याकडं तोंड करून कॅमेरा बसवला, ऑफिसात नवी बेल लावली. मग रस्ता ओलांडून हॉटेलात आला, माझ्या बाजेजवळ उभा राहिला, हातात ते हाळीचं बटण. अंगात नवा शर्ट होता. बेल लावायला कोणी नवा शर्ट घालतं का?

"दाब की. वाजते का बघू दे," मी म्हटलं.

"आजी... एक विचारायचं होतं."

"मला का तिला?"

"आधी तुमाला."

"मचाणावर मी बसलेय का? जिला हाळी द्यायची तिला दे." मग मला दया आली. "नागनाथची फिकीर करू नको. हिंगोलीच्या स्थळाला मी कालच परत पाठवलंय. माझ्यापुढं मान वर करायची अजून हिंमत झाली न्हाई त्याची."

पोरानं श्वास घेतला आणि बटण दाबलं. पलीकडं ऑफिसात बेल वाजली, आम्हाला ऐकू आली.

ओ न्हाई.

परत दाबलं. ओ न्हाई. त्याचा रंग उडाला. तो पळायच्या बेतात होता, तेवढ्यात धम्मशीला दारात आली. गळ्यात बटणाची दोरी, कमरेवर दोन्ही हात.

"असलं बेल वाजवून विचारतात व्हय?" ती रस्त्यापलीकडून ओरडली. "गळा न्हाई का तुमाला?"

नेमकी जिंतूरची एसटी येऊन थांबलेली. परमेश्वर हातात ट्यूब घेऊन उभा. सुगत एसटीच्या पुढून दोन पावलं गेला, आणि त्या गारांच्या दिवशी ओरडला होता तसा ओरडला —

"धम्मशीलाऽऽ! माझ्या घरी... येशील काऽऽ?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एसटीच्या एकेका खिडकीतून मुंडकी बाहेर आली. कंडक्टर पायरीवर उतरून उभा. सगळा फाटा चिडीचूप, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या नातीवर. तिनं ओढणी तोंडाला लावली. गाल तर असे झाले होते, जसा टाचेनं चुरलेला पळस.

"अगं आजीऽऽ, सगळी एसटी बघायलीय!"

"बघू दे!" मी ओरडले. "तू ओ दे!"

"तू आधी तिकडं तोंड कर!"

मला, लक्ष्मीबाईला, ह्या फाट्यावर आजवर कोणी तोंड तिकडं कर म्हणायची हिंमत केली नव्हती. मी उठले. बाजेचा एक पाय धरला, दुसरीकडून कंडक्टरनं हात लावला आणि बाज फिरवली. ऑफिसाकडं पाठ, लिंबाकडं तोंड. बसले. लिंबाला नवी पालवी फुटलेली, त्यात परमेश्वरची ताडपत्री अजून अडकलेली. तिच्याकडं बघत बसले.

म्हणून पुढचं मी काही बघितलं न्हाई. नुसतं ऐकलं. आधी एसटीत एक लेकरू खुदकन् हसलं. मग रस्त्यावरून चपलांचा आवाज, पळत येणारा, जवळ जवळ येणारा... आणि मग, अगदी माझ्या पाठीमागं, हळू, हसत, श्वास लागलेल्या आवाजात —

"ओ."

एसटीतल्यांनी असा गलका केला की लिंबावरची पाखरं उडाली.

बाज अजून तशीच हाय, लिंबाकडं तोंड करून. येणारे-जाणारे विचारतात, लक्षीमाय, जागा कामून बदलली? मी सांगते, उन्हं डोळ्यावर यायली होती.